चार पिनच्या कनेक्टरात तीनच वायरी

कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणाऱ्या रेडिएटरसाठी फॅन शोधत असाल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरसाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १२० मिलिमीटरचे तीन फॅन मागवले. जाहिरातीत लिहिलं होतं: खास रेडिएटरसाठी, पीडब्ल्यूएम (म्हणजे मदरबोर्डच्या सिग्नलप्रमाणे वेग बदलणारे), २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), आवाज फक्त १८ डेसिबल.

फॅन लावून मशीन चालू केलं, तर एकसारखी घरघर. प्रोसेसरवर काहीच लोड नसताना फॅन पूर्ण वेगात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वेग ३० टक्क्यांवर आणला, तरी आरपीएमचा आकडा हलेना. मग कनेक्टर काढून पाहिला. भोकं चार, वायरी तीन! वेग किती ठेवायचा हा सिग्नल मदरबोर्ड चौथ्या पिनवरून देतो. तिथे वायरच नसेल तर फॅनला पूर्ण १२ व्होल्ट मिळत राहतात आणि तो सुसाट फिरतो. हेडर (मदरबोर्डवर फॅन जोडायची जागा) डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेज बदलून वेग ठरवण्यावर, टाकला तेव्हा व्होल्टेज उतरलं आणि फॅन मंदावले. साधे तीन वायरींचे फॅन पीडब्ल्यूएम म्हणून विकले होते, यात शंका उरली नाही.

तेवढंच असतं तर डीसी मोडवर भागवलं असतं. पण हवा रेडिएटरच्या पलीकडे पोचतच नव्हती. मागे धरलेली कागदाची पट्टी जेमतेम हलायची, आणि फॅनच्या तोंडाशी कडेला हात नेला की वारा उलटा लागायचा. रेडिएटरच्या दाट पट्ट्यांतून हवा ढकलायला दाब लागतो. पात्यांची टोकं आणि फ्रेम यांत फट मोठी असली की तो दाब टिकत नाही, हवा त्या फटीतूनच मागे येते. नॉक्टुआ या फॅन बनवणाऱ्या कंपनीच्या एनएफ-ए१२×२५ या फॅनमध्ये ही फट अर्धा मिलिमीटर आहे. माझ्याकडे आलेल्या फॅनमध्ये ती लांबूनही दिसत होती. वेग कमी करून हे झाकता येत नाही, उलट बिघडतं: आरपीएम निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, पण दाब एक चतुर्थांशच उरतो. म्हणून शांत फॅन हवा असेल तर मुळात पाती आणि फ्रेम चांगली लागते.

खरी चलाखी आकड्यांत असते. एअरफ्लो (हवेचा प्रवाह) मोजतात समोर काहीच अडथळा नसताना, आणि स्टॅटिक प्रेशर (हवेचा दाब) मोजतात हवा पूर्ण अडवून. दोन्ही कमाल आकडे खरे असले तरी एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. रेडिएटरवर फॅन या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतो, आणि तिथलं चित्र दाब आणि प्रवाहाच्या आलेखातच दिसतं. रेडिएटरचा फॅन म्हणून विकायचं आणि आलेख द्यायचा नाही, अशा विक्रेत्याकडून मी आता काही घेणार नाही.

डेसिबलचंही तेच. किती अंतरावरून आणि कोणत्या वेगाला मोजलं, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल आपोआप घटतात. शिवाय आकडा एका फॅनचा असतो, सारखे तीन लावले की सुमारे ५ वाढतात. वर सांगितलेल्या नॉक्टुआला २००० आरपीएमला कंपनी स्वतः २२.६ सांगते. स्वस्तातला अनोळखी फॅन त्याच वेगाला १८ वर राहतो म्हणणं सरळ थाप आहे.

परत पाठवायला गेले तर विक्रेत्याचं उत्तर आलं, "फॅन फिरतोय ना, मग खराब कसा?" या वादात पडू नका. फॅन बिघडलाय असं म्हणूच नका, जाहिरातीत लिहिलेली वस्तू मिळाली नाही असं लिहा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तीन वायरींचा फोटो आणि ३० टक्क्यांवरही न हलणाऱ्या आरपीएमचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा कुठे पैसे परत आले. स्क्रीनशॉट मात्र ऑर्डर देतानाच काढून ठेवा. माझी तक्रार गेल्यावर त्या पानावरून पीडब्ल्यूएम हा शब्दच काढून टाकला होता.