खडकचक्र शिकवायला शिकवणारी कार्यशाळा : एका शिक्षिकेचा अभिप्राय

पुण्यातील एका विज्ञानशिक्षण संस्थेने माध्यमिक शिक्षकांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी नुकतीच उपस्थित राहिले. खडकचक्र, म्हणजे एका प्रकारचा खडक दुसऱ्या प्रकारात कसा बदलत जातो, हा धडा मी अनेक वर्षे फळ्यावर वर्तुळ आणि बाण काढूनच शिकवत आले आहे. त्यामुळे तो मुलांच्या हातांनी कसा शिकवावा, एवढ्याच अपेक्षेने मी गेले होते.

पहिली कृती मेणखडूंची होती. खडू किसणीवर किसायचे म्हणजे विदारण (खडक झिजून त्याचे कण होणे), कीस दाबून थर बसवायचे म्हणजे स्तरित खडक, ते थर तळहाताच्या उबेत दाबून वळवायचे म्हणजे रूपांतरित खडक आणि शेवटी वितळवून थंड करायचे म्हणजे अग्निजन्य खडक. मुलांना ही कृती निश्चित आवडेल, पण तिच्यातील एक धोका मार्गदर्शकांनी सांगायला हवा होता. मेण मऊ होते, म्हणून रूपांतरित खडक हा ‘अर्धवट वितळलेला’ खडक असतो, असा समज मुलांच्या मनात पक्का बसू शकतो. प्रत्यक्षात चुनखडकाचा संगमरवर होतो तो घन अवस्थेतच. मी हे विचारले तेव्हा ‘पुढच्या इयत्तेत स्पष्ट होईल’ एवढेच उत्तर मिळाले, आणि ते मला पटले नाही.

सॅलॉलची कृती मात्र चोख होती. हे रसायन सुमारे ४२ अंश सेल्सिअसला वितळते. त्याचे थेंब एका कोमट आणि एका बर्फावर ठेवलेल्या काचपट्टीवर टाकले की कोमट पट्टीवर मोठे व थंड पट्टीवर बारीक स्फटिक तयार होतात. भूगर्भात सावकाश थंड झालेला ग्रॅनाइट भरड का आणि पृष्ठभागावर लवकर थंड झालेला बेसॉल्ट बारीक कणांचा का, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत मोलाचा ठरला तो फाशांचा खेळ. शिलारस (भूगर्भातला वितळलेला खडक), अग्निजन्य, गाळ, स्तरित आणि रूपांतरित अशी पाच मेजे मांडलेली होती; फासा टाकायचा, आणि येईल त्या दानाप्रमाणे दुसऱ्या मेजावर जायचे किंवा तिथेच थांबायचे. आमच्या गटातील एक बाई आठ डाव शिलारसाच्या मेजावरच बसून राहिल्या आणि शेवटी वैतागून हसू लागल्या. मी इतकी वर्षे काढलेले वर्तुळ त्या अर्ध्या तासात मोडले : खडक ठरलेल्या क्रमाने फिरत नाही, अग्निजन्य खडक थेट रूपांतरित होऊ शकतो आणि एखादा खडक कोट्यवधी वर्षे आहे तिथेच पडून राहतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. नमुन्यांच्या पेटीत लांबलांबचे खडक होते, पण ज्यावर आपले सारे शहर उभे आहे तो, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट नव्हता. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे याच दगडात कोरलेले आहे, आणि कित्येकांच्या घरचा पाटा-वरवंटाही त्याचाच असतो. ही उणीव एका शिक्षिकेनेच भरून काढली. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडला की डाग का पडतो, असे त्यांनी विचारले आणि सभागृहात एकदम कुजबुज सुरू झाली. कडप्पा काय किंवा शहाबादी फरशी काय, दोन्ही चुनखडकच, म्हणजे स्तरित खडक. आम्लाने त्यांची झीज होते. स्तरित खडकाचे याहून जवळचे उदाहरण पुण्यातील मुलांना कोणते देणार?

कार्यशाळेची पुस्तिका केवळ इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या शिक्षकांना बोलावताना ही गोष्ट कुणाच्याच लक्षात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मेणखडूंची कृती बसणार नाही, तिला दोन तासिका लागतील. फाशांच्या खेळासाठी मात्र वर्गाचे कोपरे पुरतात.

कार्यशाळेला जरूर जावे, पण नमुन्यांची पेटी विकत घेऊ नये. फरशीच्या दुकानात तुटके तुकडे मागितले तर ते आनंदाने देतात. मला शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर एकाच ठिकाणी फुकट मिळाले. ग्रॅनाइट घेताना तेवढा गुलाबी किंवा करडा निवडावा, कारण ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो हा वेगळाच अग्निजन्य खडक असतो.