शब्बाथ शाळा: सेशनखाली की वेगळ्या समितीकडे?

कॅम्पातल्या एका ताईंनी विचारलं: आमच्या चर्चमधली मुलांची शब्बाथ शाळा (रविवारचा बायबलचा वर्ग) आणि तरुण संघ वडिलांच्या, म्हणजे चर्चच्या निवडलेल्या ज्येष्ठांच्या, सेशनखाली ठेवायचा, की शिक्षक-पालकांची वेगळी समिती करायची?

प्रेस्बिटेरियन रीतीत, म्हणजे असे वडील कारभार बघतात त्या प्रोटेस्टंट परंपरेत, उत्तर ठरलेलंच आहे. पाळक (धर्मगुरू) आणि मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, निवडलेले वडील मिळून सेशन, देखरेख त्याची, त्याच्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची वरची सभा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात १९७० साली ही परंपरा मिसळली, पण तिथे बिशपही आहेत, म्हणून आधी तुमच्या चर्चची घटना (नियमावली) वाचा.

वेग समितीकडे. सहलीची बस शनिवारी ठरते. सेशनपुढे तोच विषय महिनाभर वहीत पडून राहतो. आमच्याकडे एकदा खडू-चित्रांचे तीनशे रुपये दोन बैठका अडकले होते.

पैशात उलट. समितीची बिस्किटांच्या डब्यातली रोकड कोण मोजणार? सेशनखाली ती मंडळीच्या हिशेबात येते.

खरा फरक तक्रारीत. शिक्षकाबद्दल एखाद्या पालकाला शंका आली, तर समितीत सगळे एकमेकांचे नातेवाईक. सेशनचा निर्णय पटला नाही तर प्रेस्बिटरीकडे दाद मागता येते. लहान मुलांच्या बाबतीत मला हे फार मोलाचं वाटतं.

वीस-पंचवीस मुलं असतील तर थेट सेशनच बरं. तरुण संघ मोठा, उत्साही असेल तर समिती करा; मात्र शिक्षकांची नेमणूक आणि हिशेब सेशनकडेच राहू द्या.