हातपंपाचं ब्रेक ब्लीडर किट: घ्यावं, पण हवा काढायला नाही

पिस्तुलासारखी मूठ, त्यावर ओढ (व्हॅक्यूम) दाखवणारं गोल घड्याळ, साधारण 120 मिलीची झाकणाची बाटली, दोन-तीन पारदर्शक नळ्या आणि रबरी जोडण्यांचा एक पुडा. ऑनलाइन हजार-दोन हजारांच्या आसपास मिळणारी ही किट्स नावं बदलून येतात, आतला माल बहुतेक एकाच साच्यातला. दावा असा की घरच्या घरी, एकट्याने, लिव्हर न दाबता मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकमधली हवा पाच मिनिटांत निघते. एकट्याने काम होतं, हे खरं. लिव्हर न दाबता सगळी हवा निघते, हे मात्र खरं नाही.

घोळ एअर निपलच्या आट्यांत आहे. एअर निपल म्हणजे कॅलिपरवरचा (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारा भाग) हवा काढायचा पोकळ स्क्रू. निपल आवळलेला असताना गळती थांबते ती त्याच्या टोकाच्या शंकूमुळे. आटे हवाबंद नसतातच. पाव फेरा सैल केला की शंकू जागेवरून सुटतो आणि पंप फ्लुइडसोबत आट्यांच्या फटीतून बाहेरची हवाही ओढतो. नळीत बारीक बुडबुड्यांची माळ लागते, ती काही संपत नाही. नवीन माणसाला वाटतं लाइनमध्येच हवा आहे, आणि तो अख्खी बोतल ओढून संपवतो. निपलच्या बुडाशी सिलिकॉन ग्रीसचा जाड थर दिला, किंवा निपल काढून वरच्या आट्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली, की माळ बरीच विरळ होते. टेप शंकूवर किंवा बाजूच्या छिद्रावर जाता कामा नये. साधं पेट्रोलियम ग्रीस तर इथे अजिबात नको. ब्रेकचे सील ईपीडीएम रबराचे असतात. खनिज तेल लागलं की ते फुगतात आणि पिस्टन अडकतो.

तरी पंप अगदीच वाया नाही. होज बदलला, कॅलिपर खोलून नवीन सील टाकले, मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, फ्लुइड ढकलणारा भाग) नवीन बसवला, म्हणजे लाइन कोरडी आहे, तेव्हा त्याची किंमत वसूल होते. नुसत्या लिव्हरने कोरडी लाइन भरायची तर हात दुखून येतो. पंपाने घड्याळावर 15 ते 20 इंचांची (पाऱ्याच्या) ओढ दिली की काही मिनिटांत फ्लुइड खाली उतरतं. तिथून पुढे मात्र पंप बाजूला ठेवायचा आणि शेवटची हवा लिव्हरनेच काढायची.

नुसतं जुनं ऑइल, म्हणजे ब्रेक फ्लुइड, बदलायचं असेल तर याहून स्वस्तात भागतं. नागपूरच्या मेडिकल चौकातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानातून 50 मिलीची सिरिंज घ्या, माशांच्या टाकीवाल्याकडून आतून 4 ते 5 मिमीची सिलिकॉन नळी घ्या, आणि एक रिकामी बोतल. नळी निपलवर ताणून बसली पाहिजे. त्याच दुकानातला एकमार्गी व्हॉल्व्हही चालतो, पण त्याचं रबर ब्रेक फ्लुइडसाठी बनवलेलं नसतं. एका खेपेचा समजून वापरायचा.

काम असं. गाडी सरळ उभी करा आणि हँडलवरची फ्लुइडची डब्बी आडवी सपाट येईल इतकं हँडल वळवा. टाकीवर, मडगार्डवर ओला फडका टाका, कारण फ्लुइड रंग खातं. थेंब पडलाच तर कोरड्या कपड्याने पुसू नका, तो पसरतो. भरपूर पाणी ओता. डब्बीच्या झाकणाचे स्क्रू इथे पहिला घात करतात. पावसाने गंजलेला स्क्रू बारक्या स्क्रूड्रायव्हरने फिरवला की त्याची खाच गोल होते. बरोबर मापाचं टोक खाचेत बसवून मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या, मग फिरवा. रबरी डायफ्रॅम काढा, जुनं फ्लुइड सिरिंजने ओढून घ्या, तळाचा काळा गाळ धागे न सुटणाऱ्या कपड्याने टिपा आणि नवीन भरा. हा गाळ न काढता पंप चालू केला तर तो सगळा होजमधून कॅलिपरपर्यंत खाली जातो.

आता निपल. बहुतेक गाड्यांना 8 मिमीचा पाना लागतो. आधी रिंग पाना चढवा, मग नळी; तिचं दुसरं टोक रिकाम्या बोतलेत. उघड्या तोंडाचा पाना नको. सहा कोनांची रिंगच हवी. निपल पोलादी, कॅलिपर ॲल्युमिनियमचं, त्यात टोपी हरवून चिखल बसलेला. निपल तुटला तर कॅलिपरवरच पाणी सोडायची वेळ येते. जाम असेल तर गंज सोडवणारं तेल फक्त बाहेरून टाकून रात्रभर ठेवा, आणि उघडण्याआधी ते पुसून काढा. पॅड आणि डिस्क मात्र त्यापासून झाकून ठेवायच्या.

लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर खाली जाताच निपल बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा उलटी आत जाते. चार-पाच खेपांनंतर डब्बी बघा. पातळी खालच्या खुणेखाली गेली तर सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबायची नाही, मागे लाकडाचा तुकडा अडकवा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन एरवी जिथवर जात नाही तिथल्या भागाला गंज आणि मळ धरलेला असतो. सील त्यावर घासला की फाटतो, आणि काल चांगला असलेला ब्रेक, फ्लुइड बदलल्यावर, बसतो. यात दोष फ्लुइडचा नसतो. निपल शेवटी दोन बोटांच्या जोराने आवळायचा, 5-6 न्यूटन मीटर पुष्कळ झाले. पुढच्या-मागच्या दोन्ही डिस्कना मिळून 250 मिलीची बोतल पुरते.

इतकं करूनही लिव्हर लिबलिबीत लागत असेल तर हवा बहुधा वर, मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टपाशी (होज जोडणारा पोकळ बोल्ट) अडकलेली असते. तिला खालून ओढून फायदा नाही. डब्बी उघडी ठेवून लिव्हर फक्त पहिला अर्धा इंच हळूहळू दाबा-सोडा आणि होजवर टिचक्या मारा. बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. मागच्या कॅलिपरचा निपल काही गाड्यांत सर्वांत उंच जागी येत नाही. अशा वेळी कॅलिपर खोलून, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची पट्टी घालून तो तिरपा धरावा लागतो. हे पंपाच्या माहितीपत्रकात नसतं. एबीएस गाडीत नेहमीचं फ्लुइड याच पद्धतीने बदलतं, पण डब्बी कोरडी पडून एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग) हवा शिरली तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा; काही मॉडेलना तिथे स्कॅनर जोडावा लागतो.

फ्लुइड कुठलं, ते डब्बीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक डॉट 4. ते नवीन असताना किमान 230 अंशांना उकळतं, 3.7 टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा 155 वर येते. डॉट 5 हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं. ते यात मिसळायचं नाही. डॉट 5.1 चालतं. नवतप्यात (मे अखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात) ब्रेक ऑइल उकळतं असं नागपुरात छातीठोकपणे सांगणारे मिस्त्री भेटतात. 45 अंशांच्या उन्हाने काही उकळत नाही बाप्पा. उकळतं ते चिखलदऱ्याचा घाट उतरताना सतत दाबून धरलेल्या ब्रेकच्या उष्णतेने, आणि तेही पाणी धरलेलं जुनं फ्लुइड असेल तर. वाफ दबते, लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन वर्षांतून एकदा बदलायचं. नागपुरात हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, हवा कोरडी असताना करावं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत डब्बी आणि बोतल उघडी ठेवून बसणं म्हणजे नवीन फ्लुइडला पाणी पाजणं. उरलेली अर्धी बोतलही पुढच्या खेपेला ठेवू नका. जुनं फ्लुइड नालीत ओतायचं नाही, झाकणाच्या बोतलेत, पोरांच्या हाताला लागणार नाही असं.

तर पंप कोणी घ्यावा? घरात तीन-चार डिस्कच्या गाड्या असतील, होज-कॅलिपर स्वतः खोलत असाल, तर घ्या. एका गाडीचं दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलणाऱ्याने सिरिंज-नळीवरच भागवावं.

पंप हातात आला की, परत करायची मुदत संपायच्या आत, नळीचं टोक बोटाने बंद करून घड्याळ 20 इंचांवर न्या आणि मिनिटभर थांबा. काटा घसरला तर परत करा. बहुतेक वेळा दोष पिस्टनच्या ओ-रिंगचा किंवा बाटलीच्या झाकणाचा असतो. बाटली अर्धी भरली की रिकामी करायची, नाहीतर फ्लुइड पंपात ओढलं जातं आणि आतली नायट्राइलची रिंग फुगून मूठ जाम होते. काम झाल्यावर नळ्या पाण्याने धुऊन वाळवा आणि पंप घरात ठेवा. टिनाच्या शेडखाली एक उन्हाळा काढला की त्या रबरी जोडण्या कडक होतात, आणि पुढच्या वेळी निपलवर बसतच नाहीत.