सात महिने ऍक्रिलिक शीटवर पर्स्पेक्टिव्ह गिरवल्यानंतर

दिवाळीच्या आधी एक साधी पारदर्शक ऍक्रिलिक शीट घेतली होती, ए-थ्री साइज, ३ मिमी जाड, साइनबोर्डवाल्याकडून कापून आणलेली. आता सात महिने झाले. ड्रॉइंग शिकायला हिचा खरंच उपयोग होतो का असं दोघीतिघींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय.

शाळेत मी ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र बरं जमायचं, पण घर, रस्ता, खोली असं काही आलं की चित्र वाकडं व्हायचं. पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांब दाखवण्याचा, नियम पाठ होता, आडवी रेघ (क्षितिजरेषा) मारा, तिच्यावर टिंब द्या, सगळ्या रेषा त्या टिंबाकडे न्या. पण ती रेघ कागदावर नेमकी कुठे मारायची आणि टिंब तिथेच का, हे कधी कळलंच नाही, त्यामुळे माझी रेघ कायम कागदाच्या मधोमध. नंतर मोठेपणी व्हिडिओ बघून ठोकळे काढायला शिकले, ठोकळे छान यायचे, पण समोरचं खरं कपाट काढायला बसलं की पुन्हा तीच गत.

शीटची पद्धत अगदी सोपी आहे. शीट चिमट्यांनी खुर्चीच्या पाठीला उभी बांधायची, एक डोळा मिटायचा आणि पलीकडे जे दिसतं ते तसंच मार्करने शीटवर गिरवायचं. पहिले चारपाच दिवस माझं काहीच जुळत नव्हतं, कारण मान हलत होती, अर्धं दार एका जागेवरून आणि अर्धं दुसऱ्या जागेवरून काढलं जात होतं. मग ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं १५२५ सालचं एक लाकडी ठशाचं चित्र बघण्यात आलं, त्यात एक चित्रकार समोर बसलेल्या माणसाला उभ्या काचेवर उतरवतोय आणि त्याने डोळा एका ठरलेल्या जागी टेकवलाय. मीही तसंच केलं. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं, तो पुठ्ठा शीटपासून ४० सेंमीवर स्टुलावर उभा केला आणि त्या भोकातूनच बघायला लागले. फरक लगेच पडला. शीट घेणाऱ्यांनी हे भोक विसरू नका, अर्धं काम तेच करतं.

पहिलं धड चित्र आमच्या बिल्डिंगच्या कॉमन गॅलरीचं आलं. कठडा, दारांच्या चौकटी, वरचे पाइप, फरशीचे सांधे, जे दिसलं ते सगळं गिरवलं, मग शीट कागदावर ठेवून पट्टीने सगळ्या रेषा वाढवल्या, आणि गॅलरीच्या लांबीकडे जाणारी प्रत्येक रेघ एकाच ठिकाणी येऊन मिळाली! नियम मला वीस वर्षं माहीत होता, पण मी तो न वापरता तो आपोआप आला याचा आनंद वेगळाच होता. शीट परत जागेवर लावून बघितलं तर ते टिंब बरोबर माझ्या डोळ्यासमोर होतं, डोळ्यातून शीटवर सरळ काठी टेकवली तर जिथे टेकेल तिथे. दुसऱ्या दिवशी स्टूल काढून पाटावर बसले, शीट आणि पुठ्ठाही खाली घेतला. गॅलरी तीच, पण टिंब आता कठड्याच्याही खाली गेलं.

मला सात महिन्यांत कळलेली मुख्य गोष्ट हीच. क्षितिजरेषा म्हणजे लांब कुठेतरी असलेली रेघ असं मी धरून चालले होते. ती माझ्या डोळ्यांची उंची असते. मी बसले की ती बसते, मी जिना चढले की ती चढते.

हे पक्कं झालं स्टेशनवर. मी डोंबिवलीहून रोज लोकलने जाते. प्लॅटफॉर्मवर उभं राहून गर्दीकडे बघा, माझ्याएवढ्या उंचीची माणसं जवळ असोत नाहीतर पार टोकाला, सगळ्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर दिसतात, लांबच्यांचे फक्त पाय वर वर सरकत जातात. मग पुलावर चढून तिथून बघा, आता सगळी डोकी रेषेच्या खाली गेली आणि जो जितका जवळ तो तितका जास्त खाली. आधी मी लांबची माणसं नुसती छोटी काढायचे, त्यामुळे ती खड्ड्यात उभी असल्यासारखी वाटायची. चूक माणसांत नव्हती, रेषेत होती.

आता मला सगळ्यात आवडलेला प्रयोग. घरातली फरशी चौरस लाद्यांची आहे. शीट समोरच्या भिंतीला समांतर लावून लाद्या गिरवल्या आणि लाद्यांचे कर्णही वाढवले, म्हणजे एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी तिरकी रेघ. एकाच दिशेने जाणारे सगळे कर्ण क्षितिजरेषेवरच दुसऱ्या एका टिंबात मिळतात, ते शीटच्या बाहेर पडलं म्हणून खाली वर्तमानपत्र पसरून रेषा तिथपर्यंत नेल्या. मधल्या टिंबापासून त्याचं अंतर मोजलं, साडेअडतीस सेंमी. माझा डोळा शीटपासून होता ४०! गिरवताना दीड सेंमी इकडेतिकडे झालं असेल, पण हे दोन आकडे एकच असायला पाहिजेत, कारण कर्ण ४५ अंशात जातो, म्हणजे जितका पुढे तितकाच बाजूला. म्हणजे चित्रातली फरशी बघून चित्रकार किती अंतरावर उभा होता हे काढता येतं. त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते.

मापाचंही तसंच. शीट ४० सेंमीवर असेल तर ४ मीटरवरचं २ मीटर उंच दार शीटवर २० सेंमी येतं, ८ मीटरवर १०, १६ मीटरवर ५. अंतर दुप्पट की उंची निम्मी. आधी मी लांबच्या गोष्टी अंदाजाने लहान करायचे आणि दरवेळी हव्या तितक्या लहान व्हायच्याच नाहीत, कारण दार मोठं असतं हे मन विसरत नाही.

गोल वस्तूंसाठी स्वयंपाकघर बेस्ट. फळीवरचे स्टीलचे डबे बघा, डोळ्याच्या बरोबर उंचीवर असलेल्या डब्याचं झाकण नुसती सरळ रेघ दिसतं आणि त्याखालच्या फळ्यांवर झाकणं हळूहळू उघडत जातात, सगळ्यात खालचा लंबगोल सगळ्यात फुगीर. घागरीचं तोंड आणि बूड मी आधी एकसारखं काढायचे, ते चुकीचं होतं.

आता शीटच्या तक्रारी. ओरखडे फार लवकर पडतात, दोन महिन्यांत माझी धूसर झाली, कोरड्या कपड्याने अजिबात पुसू नका. परमनंट मार्कर काढायला मी सॅनिटायझर वापरत होते, त्याने कडेला बारीक तडे दिसायला लागले, स्पिरिटचं आणि ऍक्रिलिकचं जमत नाही. व्हाइटबोर्ड मार्कर मनगट लागलं की पुसला जातो. शेवटी पाण्याने निघणारा ओएचपी मार्कर (प्रोजेक्टरच्या पारदर्शक फिल्मवर लिहायचा) आणला, तो बरा आहे. उन्हात चमक मारते, बाहेर सावलीतच बसावं लागतं. २ मिमीची घेऊ नका, मैत्रिणीने घेतली होती, ती वाकते आणि रेषाही वाकतात. काच सपाट असते, पण घरात लहान मूल असेल तर नको.

आणि एक गोष्ट, हिच्यावर कायम अवलंबून राहू नका. मी मार्चपासून आधी कागदावर नुसत्या नजरेने काढते आणि मग शीट लावून तपासते. चुका अजून होतात, विशेषतः कोपऱ्यातून बघितलेल्या इमारतीत, तिथे दोन टिंबं लागतात आणि मी ती दोन्ही कागदावर मावावीत म्हणून जवळजवळ घ्यायचे, त्यामुळे इमारत होडीच्या टोकासारखी पुढे यायची. आता कागद जमिनीवर चिकटवते, लांब टाचणी टोचून तिला दोरा बांधते आणि दोऱ्याच्या दिशेने रेघ मारते. फोटोवरून शिकत असाल तर मोबाइल जवळ नेऊन काढलेले फोटो नकोत, त्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात.

सध्या जिन्यावर अडकलेय. पायऱ्यांच्या बाजूच्या, आत जाणाऱ्या आडव्या कडा नेहमीच्या टिंबाकडे जातात, पण कठड्याची चढती रेघ त्याच्या बरोबर डोक्यावर, वर कुठेतरी जाते. आमच्या जिन्याचं ते टिंब शीटच्या वर जातंय, म्हणून या रविवारी वर अजून एक कागद जोडून बघणार आहे.