दाट केसांचा कुत्रा: दर आठवड्याला आंघोळ की दिवसाआड ब्रश?

आखूड केसांचा गावठी कुत्रा असेल तर फारसा प्रश्न नाही, आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की झालं. शिह त्झू, ल्हासा यांचे केस वाढतच राहतात. त्यांना रोजचं विंचरणं आणि महिना-सव्वा महिन्याने कात्री चुकत नाही. खरा पेच लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, स्पिट्झवाल्यांचा. वर राठ केस, आत दाट लव. रत्नागिरीत राहून मी दोन्ही पद्धती करून पाहिल्या आहेत.

आठवड्याच्या आंघोळीची बाजू लंगडी नाही. रोज पुळणीवर नेत असाल तर वाळू, खारं पाणी, तांबडी माती सगळं घरात येतं. एप्रिल-मेमध्ये आंघोळ घालून अंगणात सोडला की वाळतोही पटकन.

पण जून लागला की गणित फिरतं. टॉवेलने पुसल्यावर वरचे केस कोरडे लागतात. बोटं आत घालून पाहा, मानेखाली आणि मांडीमागे लव ओलीच असते. पडवीत पंख्याखाली बसवला तरी संध्याकाळपर्यंत ओल हटत नाही, आणि ड्रायर काढावा तर नेमकी वीज गेलेली. मग घरभर कुबट वास आणि दोन दिवसांत कानामागे खाजवून झालेला लाल, चिघळलेला चट्टा. माझा निर्णय या चट्ट्याने केला.

दिवसाआड ब्रशमध्ये गळालेली लव निघून जाते, आत हवा खेळते, त्यामुळे फिरताना भिजला तरी लवकर सुकतो. शिवाय हात सगळीकडे फिरतो. कानाच्या घडीतली, बोटांच्या बेचक्यातली गोचीड तेव्हाच सापडते, आणि गोचिडीच्या तापाचा धोका पाहता हे मला फार मोलाचं वाटतं. पावसानंतर गवताची कुसळंही अशीच हाती लागतात. आंघोळीच्या दिवशीसुद्धा ब्रश आधी, कारण ओला गुंता आणखी आवळतो. उन्हाळ्यात पूर्ण भादरणं मात्र कृपया टाळा. तोच कोट त्याला उन्हापासून वाचवतो.

डॉक्टरांनी औषधी शाम्पू आठवड्याला सांगितला असेल तर तेच पाळावं. समुद्रात पोहणारा असेल तर घरी आल्यावर नुसत्या गोड्या पाण्याने धुवा आणि आतपर्यंत कोरडा करा. एरवी प्रत्येकाचा कुत्रा वेगळा, पण निदान पावसाचे चार महिने ब्रशवर भर द्यावा असं मला वाटतं. आमच्याकडे आता एप्रिलमध्येही आंघोळ महिन्यानेच होते.