मराठी मजकुराचा डिफॉल्ट फाँट: वर्ड, लिब्रेऑफिस की गूगल डॉक्स?

नवी फाइल उघडली की आधी फाँट, मग साइझ, मग ओळींमधलं अंतर… रोज मराठीत लिहिणाऱ्याला हा फुकटचा व्याप आहे. तिन्ही ठिकाणी हे सगळं एकदाच ठरवून ठेवता येतं. खरी परीक्षा होते ती मजकुरात इंग्रजी शब्द आले की. विंडोजमधला कोकिला हा देवनागरी फाँट ११ वर ठेवून बघा, शेजारच्या कॅलिब्रीपुढे तो मुंगीएवढा दिसतो. म्हणजे दोन्ही लिप्यांना वेगळा फाँट आणि वेगळा साइझ देता आला पाहिजे.

वर्डमध्ये ते जमतं. कंट्रोल-डी दाबा, खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग असतो, देवनागरीचा फाँट तिथेच ठरतो. (तो दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये आधी मराठी घाला.) मग ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबून दुसरा पर्याय, म्हणजे नॉर्मल टेम्प्लेटवरची (नव्या फाइलींच्या मूळ साच्यावरची) सगळी डॉक्युमेंट्स, निवडा. पहिलाच राहिला तर बदल त्या एका फाइलपुरता. ओळींमधल्या अंतरासाठी पॅरेग्राफच्या खिडकीत असंच वेगळं बटण आहे. मंगल हा फाँट वापरत असाल तर ते लागेलच, कारण त्याच्या ओळी मुळातच ऐसपैस पडतात.

लिब्रेऑफिस फुकट आहे आणि माझं मत त्याच्याच बाजूने. ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून भाषा मराठी करा. मग रायटरखाली (लिब्रेऑफिसमधला लिहिण्याचा भाग) ‘बेसिक फाँट्स (सीटीएल)’ हे पान येतं. मूळ मजकूर, शीर्षक, यादी, चित्राखालची ओळ, सूची, प्रत्येकाचा देवनागरी फाँट आणि साइझ तिथे वेगळा ठरवता येतो. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक फायदा: फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. अंतर, समास वगैरेही कायमचे हवे असतील तर एफ-११ दाबून स्टाइल बदला, फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा आणि तीच डिफॉल्ट करा. पहिल्यांदा हे किचकट वाटतं, मेन्यूही खोल आहेत.

गूगल डॉक्सचं काम सर्वांत सोपं. एक परिच्छेद मनासारखा करा, ‘नॉर्मल टेक्स्ट’ त्याप्रमाणे अपडेट करा आणि ‘सेव्ह ॲज माय डिफॉल्ट स्टाइल्स’. हे खात्याला चिकटतं, त्यामुळे सायबर कॅफेतल्या संगणकावरही तेच मिळतं. पण दोन लिप्यांना दोन फाँट ही सोयच नाही. तिथे मुक्तासारखा, देवनागरी आणि रोमन दोन्ही जमवून काढलेला फाँट घ्यावा.

प्रबंध किंवा दिवाळी अंकाचा मजकूर असेल तर लिब्रेऑफिस. ऑफिसात सगळे वर्डवाले असतील तर उगाच वेगळी चूल मांडू नका, वर्डच ठेवा. चौघांनी मिळून लिहायचं इतिवृत्त डॉक्सवर. जुन्या फाइली मात्र यातल्या कशानेही आपोआप सुधारत नाहीत. आणि छापखान्यात फाइल देताना पीडीएफ करूनच द्या. तुमचा फाँट तिथे नसला तर डिफॉल्टची सगळी मेहनत पाण्यात.