ज्येष्ठांच्या गाडीला गोल चिकट आरसे: डावीकडे हवाच, उजवीकडे आधी चष्मा तपासा

मान आखडायला लागली की गाडी चालवताना सगळ्यात आधी सुटतं ते खांद्यावरून मागे बघणं. लायसन्स नूतनीकरणाच्या नमुना १अ या वैद्यकीय दाखल्यात डॉक्टर 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का ते लिहितात. मान किती वळते हे कुणी विचारत नाही. मग मुलं शे-दोनशे रुपयांची गोल फुगीर आरशांची जोडी आणून गाडीच्या बाजूच्या आरशांवर चिकटवून देतात.

डावीकडे लावा, पण नेहमीचा 5 सेंटिमीटरचा नको. स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे डावा आरसा डोळ्यांपासून जवळपास दुप्पट लांब पडतो आणि दुचाकी त्यात ठिपक्याएवढी दिसते. आपल्याकडे घुसणारी दुचाकी नेमकी डावीकडूनच येते. साडेसात सेंटिमीटरचा किंवा लांबट आकाराचा घ्या.

उजवीकडची अडचण वेगळी, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. सपाट आरशातलं दृश्य डोळ्याला लांबचंच असतं. या फुगीर आरशात प्रतिमा काचेमागे जेमतेम काही सेंटिमीटरवर तयार होते. उजवा आरसा असतो साधारण पाऊण मीटरवर. साठीनंतर लांबच्या चष्म्यातून एवढ्या अंतरावरचं धूसर दिसतं. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणाऱ्या काचेच्या मधल्या पट्ट्यातून निभावतं, साध्या बायफोकलमधून बहुधा नाही. म्हणून गाडी उभी असताना, चष्मा लावून, आरसा आधी जागेवर नुसता धरून बघा. दुचाकी की रिक्षा हे कळत नसेल तर उजवीकडे लावूच नका.

त्याऐवजी मूळ आरसे बाहेर वळवा. डोकं उजव्या काचेला टेकवून, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा. मग दोन सीटच्या मध्ये झुकून तसाच डावा. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी आरशांत दिसत नाही, त्याने सुरुवातीला गोंधळायला होतं, पण आंधळा टप्पा, म्हणजे आरशांत न दिसणारा बाजूचा भाग, बराच कमी होतो.

गोल आरसा लावायची जागा मूळ आरशाचा खालचा बाहेरचा कोपरा. वरच्या भागात लांबून येणारी वाहनं दिसतात, तो झाकू नये. काच स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा, अर्धा मिनिट दाबून धरा, दिवसभर पाणी लागू देऊ नका. पावसाळ्यात घाईने लावलेले आरसेच गळून पडतात. प्लॅस्टिकच्या कडेत पाणी आणि चिखल साचतो, म्हणून बिनकडेची काच बरी.

यात फक्त कुणी आहे की नाही एवढंच बघायचं. अंतर यावरून ठरवाल तर फसाल, कारण जवळची गाडीही लांब वाटते. अंतरासाठी मधला सपाट आरसाच.

काढायचा झाला तर स्क्रूड्रायव्हर घालू नका, मूळ काच तडकते. हेअर ड्रायरने टेप गरम करून मागून दात साफ करायचा दोरा करवतीसारखा ओढा.